ताईचं पत्र फाईलला लागलं

सोमवार, ९ मार्च

पिंट्या,

आशीर्वाद आहेतच, पण आज आधी कानउघाडणी.

हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी पाठवलं की तुझी बायको आधी फोडते, मग तिच्या आईला फोनवर वाचून दाखवते, आणि तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा चोथा झालेला असतो. फोन करायचा नाही हे आपलं ठरलेलंच आहे. फोनवर आपण दोघं तिसऱ्या मिनिटाला भांडतो.

तर तुझ्या सरकारने आमचं हॉटेल घेतलं. अठ्ठावन्न खोल्या, एक हॉल, एक पोहण्याचा तलाव आणि मी. गुरुवारी मॅनेजरने आम्हाला बोलावून सांगितलं आणि शनिवारी चार बसगाड्या दारात उभ्या. एकशे चाळीस निर्वासित. कुणाची भाषा कुणाला कळत नाही, आणि मॅनेजर मला म्हणतो, "बाई, बघून घ्या." बावीस वर्षं मी या हॉटेलच्या चादरी, टॉवेल आणि खोल्या बघतेय, पण हे काय बघून घेऊ? त्यात पहिल्याच दिवशी कपडे वाळवायच्या यंत्राने मान टाकली.

गावाला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. गावात दुसरा तलाव नाही, म्हणून वर्षानुवर्षं रविवारी सगळे आमच्याकडे पोहायला येतात. तुमच्या माणसांनी तलावाला कुलूप घातलं आणि 'सुरक्षेच्या कारणास्तव' अशी पाटी टांगली. झालं. काल दीडशे लोक गेटवर. सगळ्यांत पुढे कोण, तर पोहणारे मास्तर, ज्यांनी निम्म्या गावाला पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं ते, गळ्यात शिट्टी घालून. आधी घोषणा, मग शिव्या, मग कुणीतरी दगड मारला. पुढच्या दाराची काच फुटली. ती मी गोळा केली, सरकारने नाही.

हे तुझ्याच शाखेचं काम ना? मग ही माणसं इथून हलव. कुठेही ने, पण हलव. नाहीतर पुढच्या रविवारी इथे दंगल होईल, हे माझं वाक्य लिहून ठेव.

ताई

&nbsp;

शुक्रवार, १३ मार्च

ताई,

नमस्कार. कान उघडले, आता थोडं माझं ऐक.

ही माणसं अजून निर्वासित नाहीत. कागदोपत्री ती 'आश्रय-अर्जदार' आहेत. त्यांच्या देशात त्यांच्या जिवाला धोका आहे, म्हणून इथे राहू द्या असा अर्ज त्यांनी केलाय. निकाल लागेपर्यंत त्यांना छप्पर देणं हे सरकारचं काम, आणि तोवर कुठलंही काम न करणं हे त्यांचं. निकालाला महिने लागतात, कधी वर्षही.

दुसरं म्हणजे, हॉटेल मी निवडत नाही. निवास शाखेत माझं काम खोल्या आणि डोकी जुळवायचं. यादीत तुमच्या हॉटेलचं नाव बघितलं तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, ताई आहे तिथे, माणसं चांगल्या हातात पडतील. तुला आधी कळवायला हवं होतं. गोपनीय होतं म्हणून गप्प बसलो असं मी सांगू शकतो, पण खरं म्हणजे तुझ्या तोंडाला घाबरलो.

यंत्राचं आणि काचेचं वर कळवलंय.

आणखी एक. पुढचं पत्र घरी पाठव. ऑफिसला अजिबात नको. कारण विचारू नकोस.

तुझा
पिंट्या

&nbsp;

बुधवार, १८ मार्च

पिंट्या,

ऑफिसला नको आणि कारण विचारू नकोस, म्हणजे घरी भांडण झालंय. तिच्याबद्दल लिहिलेलं तिच्या हाती लागलं ना? तिला सांग, ताई तोंडाने फटकळ आहे, मनाने नाही. दोन दिवस भांडी घास, निवळेल सगळं.

इकडे दंगल झाली नाही. या रविवारी ऐंशी-नव्वद जण आले, तासभर ओरडले आणि जेवायच्या वेळेला घरी गेले. गेटवर एक हवालदार दिलाय. गोलमटोल माणूस आहे. ओरडणाऱ्यांचे घसे बसले की तोच त्यांना पाणी पाजतो.

यंत्र अजून बंदच. एवढ्या चादरी वाळवायच्या कुठे? शेवटी मी तलावात उतरले. घाबरू नकोस, रिकाम्या तलावात. तुमच्या ठेकेदाराने पाणी उपसताना पंप कोरडा चालवला आणि बिघडवून ठेवला, त्यामुळे तलाव ठणठणीत कोरडा पडलाय. एका शिडीपासून दुसऱ्या शिडीपर्यंत दोऱ्या बांधल्या. आत ऊन भरपूर, धूळ नाही. इतक्या छान चादरी मी बावीस वर्षांत वाळवल्या नव्हत्या.

दोऱ्या बांधताना दोनशे चौदा नंबरच्या खोलीतली बाई न बोलावता खाली उतरली. माझ्या हातातून दोरी घेतली आणि अशी गाठ मारली की मी लोंबकळले तरी सुटली नाही. तिच्या गावाचं पाणीपुरवठ्याचं पंपघर ती अकरा वर्षं चालवायची. म्हणून मी तिला पंपवाली म्हणते. पंपघराचं मला दुभाषी बाईंकडून कळलं. त्या फोनवर असतात. फोन मध्ये ठेवून आम्ही दोघी बोलतो. मध्येच त्या एकट्याच हसतात, तेव्हा मला शंका येते की माझं काहीतरी गाळलंय.

पंपवालीला सात वर्षांची मुलगी आहे. ती आणि बाकीची पोरं दिवसभर चादरींमधून लपाछपी खेळतात. त्या खड्ड्यात त्यांचा आवाज असा घुमतो की पार रस्त्यावर ऐकू जातो.

एकच गोष्ट मनाला लागली. परवा तिची खोली आवरायला गेले, तर पलंगावरची चादर माझ्यापेक्षा ताणून घातलेली. मी चारी कोपरे तपासले. चुणी नाही. माझा तो दिवस वाईट गेला.

ताई

&nbsp;

सोमवार, २३ मार्च

ताई,

भांडण झालेलं नाही. तरी तुझ्या सांगण्यावरून दोन दिवस भांडी घासली. आता तिला माझा संशय यायला लागलाय.

बातमी चांगली नाही. 'सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका' या कारणाने तुमचं हॉटेल २० एप्रिलला रिकामं करायचं ठरतंय. सगळ्यांना जुन्या सैनिकी बराकींत हलवणार. बसने आठ तास लांब. आजूबाजूला वस्ती नाही, शाळा नाही. पुरुष एकीकडे, बायकामुलं दुसरीकडे.

हे वरून आलंय. तू म्हणत होतीस ना हलव, तर हलवतायत. माझ्या हातात काही नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस आणि वेळेवर जेव.

तुझा
पिंट्या

&nbsp;

गुरुवार, २६ मार्च

पिंट्या,

कोणत्या गाढवाने लिहिलं, इथे धोका आहे म्हणून?

मी हलव म्हटलं होतं, मान्य. रागाच्या भरात मी तुलाही लहानपणी विहिरीत टाकीन म्हणायचे. टाकलं का? परवाच्या रविवारी गेटवर साठ माणसं होती आणि त्यातली दोन हवालदाराशी क्रिकेटवर वाद घालत होती. हा धोका असेल तर आपल्या घरचं प्रत्येक जेवण धोक्याचं होतं.

पंपवालीची मुलगी शाळेत जायला लागली. आपल्या भाषेतलं पहिलं वाक्य ती शाळेतून शिकून आली, "बाई, तुम्ही बसा." ते तिथल्या बाईंसाठी शिकवलेलं असणार. पण ती पळत धुलाईच्या खोलीत आली, माझ्यासाठी स्टूल ओढलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही बसा." बावीस वर्षांत मला त्या खोलीत कुणी बस म्हटलेलं नाही. मी बसले आणि रडले, आणि ती बिचारी घाबरली, तिला वाटलं वाक्य चुकलं.

आणि हिला आता बराकीत पाठवायचं? तिच्या आईला मी अजून सांगितलेलं नाही.

त्या गाढवाचं नाव आणि पत्ता पाठव. मी स्वतः लिहिते त्याला.

ताई

&nbsp;

सोमवार, ३० मार्च

ताई,

गाढवाचा पत्ता तुझाच आहे. बसून वाच.

आमच्या ऑफिसला आलेला प्रत्येक कागद आधी आवक टेबलावर फोडतात. तिथल्या बाईंनी तुझं पहिलं पत्र उघडलं. हॉटेल, दगड, काच, दंगल एवढे शब्द त्यांना पुरले. त्यांनी शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि ते तुमच्या हॉटेलच्या फाईलला लावलं. पान एकतीस. मला ते दिसलं तेव्हा फाईल सगळ्या टेबलांवरून फिरून आली होती. तुझ्या पत्राचा पहिला शब्द काय आहे आठवतंय? मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस आहे, ताई. आता शिपायापासून सगळे मला पिंट्यासाहेब म्हणतात. बायकोच्या पत्र फोडण्याच्या सवयीचीही सरकारदरबारी नोंद झाली आहे.

पोलिसांचा सहा पानी अहवालही फाईलमध्ये होता. तणाव नाही, तुरळक घोषणा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तो कुणी वाचला नाही. तुझं पान सगळ्यांनी वाचलं. आमच्या शाखेच्या प्रमुख, मोठ्या मॅडमनी शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'प्रत्यक्षदर्शी स्पष्ट सांगते. स्थलांतर करावे.'

त्याच वेळी मी उठून सांगायला हवं होतं की मॅडम, ही माझी बहीण आहे, ही दूध पातळ आलं तरी दंगलीची भाषा करते. नाही सांगितलं. भ्यालो. मग तुलाही 'वरून आलंय' म्हणून टाळत बसलो. मला याची लाज वाटते.

लागलेला कागद काढता येत नाही. एकदा क्रमांक पडला की पडला. पण त्याच्यामागे दुसरा कागद लावता येतो, आणि लागला की तो सगळ्यांना वाचावा लागतो. मॅडमची अंतिम सही अजून व्हायची आहे. तेव्हा ताई, लिही. ऑफिसच्याच पत्त्यावर. जे दिसतंय तेवढंच लिही, मीठमसाला नको. आणि पाया पडतो, वर माझं नाव घालू नकोस.

पिंट्या

&nbsp;

गुरुवार, २ एप्रिल

निवास शाखेतले सर्व साहेब आणि मोठ्या मॅडम यांस,

विषय : पान एकतीसवरची बाई मीच आहे.

त्या पानावरचा दगड खरा, काच खरी, राग खरा. दंगल मात्र मी पदरची घातली. यंत्र बंद होतं आणि समोर चादरींचा डोंगर होता, तेव्हा माणूस काहीही लिहितो.

लोक गेटवर का येतात हे आजवर त्यांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी काल पोहणाऱ्या मास्तरांच्या घरी गेले. ते दारातच कडाडले, "आमच्या तलावाला कुलूप आणि त्यांची पोरं दिवसभर डुंबतायत. रस्त्यावर ऐकू येतं सगळं. आम्ही काय बहिरे आहोत?"

मला एकदम उलगडा झाला. मी म्हटलं, "मास्तर, चप्पल घाला आणि चला."

मागच्या दाराने त्यांना तलावाशी नेलं. आत चाळीस चादरी वाळत होत्या. त्यातून एक पोरगं धावत आलं आणि मास्तरांच्या पोटावर आदळलं.

"पाणी कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"चार आठवडे होत आले, नाहीये."

"मग ही पोरं?"

"लपाछपी."

मास्तर काठावर बसले. मग म्हणाले, "मी चार रविवार कशासाठी ओरडलो?"

मी म्हटलं, "तेवढाच व्यायाम."

तेवढ्यात पंपवाली आली. ही दोनशे चौदामधली बाई, पंपघर चालवणारी. फोन लावून दुभाषी बाईंना मध्ये घेतलं. तिने तो पंप आधीच बाहेरून तपासलेला होता. आतली रबरी चकती आणि दोन बेअरिंग गेलीत, मिळाली तर दोन दिवसांत चालू करते, म्हणाली. मास्तर म्हणाले, माझ्या पुतण्याच्या दुकानात सगळं मिळेल. दोघं निघालेसुद्धा. पण मॅनेजर आडवा आला, की अर्जदारांना काम करायला बंदी आहे.

तर माझी विनंती आहे की तिला पंप दुरुस्त करू द्यावा. ती पगार मागत नाही. चार आठवडे ती भिंतीकडे बघत बसलीय, तिला हात चालवायचे आहेत. तलाव भरला की लोक गेटवर ओरडायला येणार नाहीत, आत पोहायला येतील.

दुसरी विनंती, या माणसांना बराकीत पाठवू नका. तिची मुलगी शाळेत रमलीय. माझ्या एका पानापायी ती गेली, तर मला पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकता येणार नाही.

आपली,
धुलाई आणि खोल्या बघणारी

ता. क. पिंट्या, जेवतोस ना वेळेवर? तुझ्या बायकोने विणलेला स्वेटर काखेत घट्ट होतो, पण तिला सांगू नकोस. अरे देवा, हेही फाईलला लागणार. खोडलं तर चालत नसेल ना?

&nbsp;

बुधवार, ८ एप्रिल

ताई,

तुझा स्वेटर पान त्रेचाळीसवर आहे. आवक टेबलावरच्या बाई म्हणाल्या, काख एक बोट उसवून पुन्हा विणली की बसेल.

सोमवारी सकाळी तुझं पत्र आलं आणि अकरा वाजेपर्यंत तीन मजल्यांवर वाचून झालं. मग विधी शाखेने प्रश्न काढला, 'पंप दुरुस्त करणे हे काम आहे काय?' आमच्या शाखेने उत्तर दिलं, 'मोबदला नसून अर्जदारास आनंद होत असल्यास तो छंद समजावा.' फाईल परत आली. 'आनंद होईल काय?' मी लिहिलं, 'होईल.' फाईल परत आली. 'पुरावा?' मी लिहिलं, 'पान त्रेचाळीस.' संध्याकाळी परवानगी निघाली, तुमच्या मॅनेजरला फोनही गेला. एका दिवसात सात सह्या, ताई. या इमारतीत शिपायाच्या रजेलाही नऊ दिवस लागतात.

आता नीट वाच. मोठ्या मॅडम स्वतः येतायत, रविवारी १२ तारखेला, सकाळी दहाला. बराकीत हलवायचा आदेश टाइप करून त्यांच्या बॅगेत असेल. त्या म्हणाल्या, "पत्रं दोन्ही छान आहेत, पण मी डोळ्यांनी बघणार. गेटवर जमाव दिसला तर तिथेच सही करीन."

तेव्हा रविवारी गेटवर काळं कुत्रंही दिसता कामा नये. मास्तरांच्या हातापाया पड, हवालदाराला सांग, काहीही कर. सगळं त्या एका सकाळवर आहे.

पिंट्या

&nbsp;

सोमवार, १३ एप्रिल

पिंट्या,

तुझं पत्र शनिवारी दुपारी मिळालं. तोपर्यंत मास्तरांनी गावभर घरोघर जाऊन सांगितलं होतं की रविवारी सकाळी दहाला तलाव उघडणार.

क्रमाने सांगते. पंपवालीने पंप मंगळवारी उघडला आणि बुधवारी संध्याकाळी बंद केला. मास्तर शेजारी बसून एकेक पाना हातात देत होते, दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं आणि काही अडतही नव्हतं. बटण दाबल्यावर तिने मोटरवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. पाणी यायला लागलं. ती काहीतरी बोलली. दुभाषी बाई म्हणाल्या, "त्या म्हणतात, पाच दिवस होडीत होते तेव्हा पाण्याने माझं ऐकलं नाही. पंपातून आलेलं पाणी माझं ऐकतं." मी तिला जवळ घेतलं. तिचे हात ग्रीसने काळे होते, माझा पांढरा एप्रन गेला तो गेलाच.

शनिवारी तुझं पत्र वाचलं. मास्तरांकडे धावले. ते म्हणाले, "बाई, दोनशे घरांत सांगून झालंय. आता नको म्हणालो तर खरीच दंगल होईल."

रविवारी साडेनऊलाच गेटवर ही झुंबड. मॅडमची गाडी लांबच थांबली. मी धावत पोचले तेव्हा काच खाली करून त्या हवालदाराला विचारत होत्या.

"किती जमाव?"

"दोनशेच्या वर, मॅडम."

"हातात काय आहे?"

"टॉवेल, मॅडम."

मॅडमनी त्याच्याकडे असं बघितलं की मला वाटलं, याची नोकरी गेली. मग त्या उतरल्या. तेवढ्यात मास्तरांनी शिट्टी मारली, गेट उघडलं आणि सगळे रांगेने आत. आधी अंघोळ, मग तलाव. गावचा असो की बसमधून आलेला असो, मास्तर सगळ्यांवर सारखेच खेकसतात. ज्या माणसाने काच फोडली असं सगळे म्हणतात, तो उथळ बाजूला कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तीन परक्या पोरांना पाय मारायला शिकवत होता. काचेचा विषय मी काढला नाही. त्यानेच वर बघितलं, मला बघून मान खाली घातली आणि पुन्हा शिकवायला लागला.

सगळे मात्र आत आले नाहीत, हेही लिहिते, नाहीतर म्हणशील ताईने मीठमसाला लावला. दहा-पंधरा जण फलक घेऊन बाहेरच उभे होते. मॅडम त्यांच्याकडे गेल्या आणि अर्धा तास उन्हात उभं राहून ऐकत राहिल्या. किराणा दुकानवाली बाई त्यांना म्हणाली, "माझा विरोध नाही असं मी म्हणणार नाही, आहे थोडा. पण आधी येऊन विचारलं असतं, तर त्यातला अर्धा घरी ठेवून आले असते." मॅडमनी ते लिहून घेतलं.

मग आत आल्या, माझ्यासमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "पान एकतीस तुम्हीच?"

मी म्हटलं, "आणि त्रेचाळीस."

त्या हसल्या नाहीत. पंपघरात गेल्या. पंपवालीने त्यांना दारात अडवून जमीन ओली असल्याची खूण केली, आणि मोठ्या मॅडम मुकाट्याने काठाकाठाने चालल्या. एक वाजता गाडीत बसून निघून गेल्या. सही केली का, नाही केली, मला काही कळलं नाही. लवकर कळव. माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

ताई

&nbsp;

शुक्रवार, १७ एप्रिल

ताई,

आधी जेव. मग पुढचं वाच.

पान एकोणसाठ, मोठ्या मॅडमच्या हातचं, जसंच्या तसं उतरवतो :

'रविवारी स्थळपाहणी केली. सुमारे दोनशे लोकांचा जमाव आढळला. जमाव पोहत होता. स्थलांतर रद्द. यापुढे कोणतीही इमारत घेण्यापूर्वी तिथल्या लोकांना भेटून विचारावे. तिथल्या धुलाईच्या बाईंनाही विचारावे. वाळवण्याचे यंत्र आठ दिवसांत दुरुस्त व्हावे, अन्यथा कारण मला समक्ष सांगावे.'

हे वाचून मी उठलो, थेट त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हटलं, "मॅडम, एक सांगायचं राहिलं होतं. ती माझी सख्खी बहीण आहे. हे मी महिन्यापूर्वीच सांगायला हवं होतं."

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "पिंट्या, ते पहिल्या ओळीपासून माहीत आहे. जा, कामाला लाग."

बाहेर येऊन मी जिन्यात उभा राहून रडलो. शिपायाने बघितलं. त्याने चहा आणून दिला. ताई, पंचवीस वर्षं मी या इमारतीत डोकी आणि खोल्या जुळवतोय. त्या डोक्यांपैकी एकाचाही पंप मला आजवर दिसला नव्हता. फार आनंद झालाय मला, आणि तो कुठे नोंदवायचा ते कळत नाहीये.

बायकोला सगळं सांगितलं, तिच्या सवयीच्या नोंदीसकट. ती म्हणाली, उरलेली पत्रं कुठेत, आधी वाचू देत.

तुझा
पिंट्या

&nbsp;

गुरुवार, ३ सप्टेंबर

पिंट्या,

बरेच महिने झाले लिहून. तलाव रविवारी इतका भरतो की मास्तरांनी दोन पाळ्या केल्यात. तुझ्या बायकोने पाठवलेली मापाची टेप मिळाली, तिला म्हणावं रागावू नकोस, स्वेटर मी आवडीने घालते, हात वर करत नाही एवढंच.

पंपवालीचा अर्ज मंजूर झाला. तुला कागदावर आधीच कळलं असेल, पण इथे कसं कळलं ते मी सांगते. पाकीट तिने माझ्याकडे आणून दिलं. स्वतः उघडेना. मी उघडलं, वाचलं. दुभाषी बाईंना फोन लावायचंही भान राहिलं नाही. मी नुसती मान हलवली आणि ती धुलाईच्या टेबलाला धरून खाली बसली. मग आम्ही दोघी हसत होतो का रडत होतो, कुणी विचारू नये. हवालदार आवाज ऐकून धावत आला आणि तोही डोळे पुसायला लागला, त्याला काही माहीत नसताना.

आता तिला काम करता येतं. इथून तीन तासांवरच्या शहराच्या पाणीपुरवठ्यात तिला जागा मिळाली. शिफारसपत्र मास्तरांनी लिहिलं. सोमवारी गेली. मास्तर बसपर्यंत पेटी उचलून चालले, आणि मुलीला म्हणाले की तिकडे तलाव नसेल तर मला कळव, मी मोर्चा घेऊन येतो. मुलगी आता आपल्यासारखी बोलते. बसच्या खिडकीतून मला ओरडून सांगत होती की औषध वेळेवर घ्या आणि जिना धरून उतरा. सात वर्षांची आहे, पण दरारा माझ्यासारखा आहे.

दोन दिवस मी दोनशे चौदाचं दार उघडलं नाही. मॅनेजरला सांगितलं, कुलूप अडकतंय. त्याला खोटं कळलं असणार, पण त्याने दुरुस्तीला माणूस पाठवला नाही.

आज सकाळी गेले. खिडक्या उघडल्या, जमीन पुसली, उशा उन्हात टाकल्या, बाथरूमचा दिवा बदलून घेतला. मुलीची उंची दारामागच्या भिंतीवर पेन्सिलीने नोंदवलेली आहे, पाच रेघा. ती भिंत रंगवायला आलेल्या माणसाला मी परत पाठवलं. दुपारी तिथे थोडा वेळ एकटीच बसले होते. खोली चांगली आहे, हवेशीर आहे, शाळा जवळ आहे.

दोनशे चौदा रिकामी आहे, पिंट्या. तुझ्या यादीत बघ कोण ताटकळत बसलंय. एखादं कुटुंब असेल तर बरं, पण एकटं कुणी असलं तरी चालेल. माणसं पाठव.

ताई